पोर्तुगिजांचा झेंडा आणि आपली देवकं

आमच्या धाराशिव जिल्ह्याला समुद्र नाही. मांजरा, तेरणा, बोरी या आमच्या नद्या, आणि त्यांचेही पाणी उन्हाळ्यात शोधावे लागते. अशा मुलखात राहणाऱ्या माणसाने पोर्तुगिजांच्या झेंड्यावर लिहायला घेतले म्हणजे 'गुरुजी, आपला काय संबंध?' असे कोणीतरी विचारणारच. संबंध आहे, मंडळी. तो आमच्याच दोन किल्ल्यांपासून सुरू होतो.

नळदुर्ग हा प्रामुख्याने आदिलशाहीचा किल्ला आणि परंडा निजामशाहीचा. आज दोन्ही आमच्या एका जिल्ह्यात आहेत. अफोन्सो दि अल्बुकर्कने १५१० साली गोवा घेतला तो विजापूरच्या आदिलशाहीकडूनच. पुढे १५७० साली अली आदिलशहाने गोव्याला वेढा घातला आणि त्याच सुमाराला मुर्तजा निजामशहाने चौलला. एरवी एकमेकांच्या उरावर बसणाऱ्या या दोन शाह्या पोर्तुगिजांविरुद्ध मात्र एकाच वेळी उठल्या. दोन्ही वेढे फसले ही गोष्ट वेगळी. पण ज्यांचे किल्ले पाहत आम्ही लहानाचे मोठे झालो, त्यांच्यासमोर कोणता झेंडा होता, हे पाहायला काय हरकत आहे?

आधी आजचा झेंडा पाहू. फुटबॉलच्या सामन्यात तुम्ही तो पाहिला असेल. दांड्याकडचा दोन पंचमांश भाग हिरवा, उरलेला तीन पंचमांश लाल. दोन्ही रंगांच्या सांध्यावर एक पिवळा, कड्यांचा गोल आणि त्या गोलावर ढाल. ढालीच्या मध्ये पांढऱ्यावर पाच छोट्या निळ्या ढाली, त्या प्रत्येकीवर पाच पांढरे ठिपके. बाहेरच्या लाल काठावर सात सोनेरी किल्ले. सामना पाहताना आमच्या नातवाने विचारले होते, "आजोबा, यांचा झेंडा एवढा गिचमिड का?" प्रश्न रास्त आहे. गिचमिड आहे, कारण सुमारे आठशे वर्षांचा इतिहास त्यात एकावर एक रचला गेला आहे.

त्या पाच निळ्या ढालींची गोष्ट अशी सांगतात. ११३९ साली ओरिक येथे अफोन्सो हेन्रिक या पहिल्या राजाने पाच मूर राजांचा पराभव केला. लढाईच्या आधी त्याला येशू ख्रिस्ताचे दर्शन झाले. म्हणून पाच ढाली, आणि ठिपके म्हणजे ख्रिस्ताच्या जखमा. गोष्ट सुंदर आहे. मात्र दर्शनाची ही कथा लेखी सापडते ती पंधराव्या शतकात, म्हणजे लढाईनंतर जवळजवळ तीनशे वर्षांनी. चिन्ह आधी होते, गोष्ट मागाहून आली.

सात किल्ल्यांचेही तसेच. शाळेत मुलांना सांगतात की मुरांकडून जिंकलेले हे सात किल्ले. जाणकार वेगळे सांगतात. तिसरा अफोन्सो हा थोरला मुलगा नव्हता. बापाची ढाल जशीच्या तशी वापरायचा अधिकार थोरल्याचा, धाकट्याने तिच्यात काहीतरी फरक करायचा, असा युरोपातला रिवाज. याची आई कॅस्टिलच्या राजघराण्यातली, आणि त्या घराण्याचे चिन्ह किल्ला. तेव्हा त्याने आईच्या माहेरचे किल्ले आपल्या ढालीच्या काठाला लावले. पुढे भावाला बाजूला सारून १२४८ साली तो राजा झाला आणि काठ तसाच राहिला. किल्ल्यांची संख्या सात ठरली ती फार नंतर. म्हणजे ज्याला लोक पराक्रमाची खूण समजतात, ती मुळात आईच्या माहेरची खूण आहे. मला तर पराक्रमापेक्षा हीच हकीकत जास्त आवडते.

ढालींवरच्या खुणा तिकडे किती बारकाईने वाचत, याचे एक उदाहरण सांगतो. पूर्वी त्या पाचांपैकी कडेच्या दोन निळ्या ढाली आडव्या असत. तशा आडव्या ढालींचा अर्थ 'अनौरस' असा कोणी लावू शकेल, म्हणून दुसऱ्या जॉन राजाने १४८५ साली त्या सरळ करून घेतल्या. आपल्याकडे घराण्यांचे मानपान कुठल्या पंगतीत कुठला पाट यावरून मोजत, त्यांच्याकडे ढालीच्या तोंडावरून!

आता तो पिवळा गोल. ते आकाश समजण्याचे यंत्र आहे. विषुववृत्त, क्रांतिवृत्त वगैरेंच्या कड्या एकमेकींत बसवून केलेला खगोलाचा सांगाडा. दर्यावर्दी राजा मॅन्युएल याचे हे खासगी चिन्ह होते. वास्को द गामा १४९८ साली कालिकतला पोचला तो याच राजाच्या कारकिर्दीत. पण हे यंत्र काही एकट्या युरोपचे नव्हे. आपल्या भास्कराचार्यांनी ११५० साली 'सिद्धान्तशिरोमणी' लिहिला. त्याच्या गोलाध्यायात 'गोलबंध' म्हणून प्रकरण आहे आणि असाच कड्यांचा गोल कसा बांधावा हे त्यात सांगितले आहे. आपण त्याचा उपयोग शिकण्या-शिकवण्यासाठी केला, त्यांनी तो झेंड्यावर नेला. यात कोण मोठे कोण लहान हा वाद घालण्यात अर्थ नाही, पण वस्तू ओळखीची निघाली की परका झेंडाही थोडा कमी परका वाटतो.

हे चिन्ह गोव्यात आले ते आधी लोकांच्या हातात. गोवा घेतल्यावर अल्बुकर्कने लगेच नाणी पाडली. एका बाजूला ख्रिस्ती संघाचा क्रूस, दुसऱ्या बाजूला हा गोल. किल्ल्यावरचा झेंडा बाजाराच्या दिवशी लांबून दिसतो, नाणे मात्र भाजीवालीच्या कनवटीला जाते. राज्य बदलले हे सामान्य माणसाला नाण्यावरून कळते. आमच्याकडेही तेच. 'हाली सिक्का' हा शब्द आमच्या आईवडिलांच्या तोंडी निजामाचे राज्य जाऊन कित्येक वर्षे झाली तरी होता.

गोव्याचे स्वतःचे चिन्ह ठरले ते चाक. अल्बुकर्कने गोवा १५१० मध्ये दोनदा घेतला. पहिल्यांदा घेतलेला काही महिन्यांत हातचा गेला आणि दुसऱ्यांदा तो २५ नोव्हेंबरला मिळाला. तो दिवस संत कॅथरिनचा. या संत बाईला खिळे लावलेल्या चाकावर मारण्याची शिक्षा झाली होती अशी कथा आहे, म्हणून तिची खूण चाक. जुन्या गोव्यातले मोठे 'से' कॅथेड्रल तिच्याच नावाचे आहे. पुढे १९३५ साली पोर्तुगिजांनी आपल्या सगळ्या वसाहतींना नियमाने ढाली वाटल्या, तेव्हा 'एस्टाडो दा इंडिया'च्या ढालीवर हेच चाक आले. इथल्या माणसाला मात्र चाक म्हटले की रथ आठवणार, सुदर्शन आठवणार, किंवा कुंभार आठवणार. चिन्ह काढणाऱ्याच्या मनात एक आणि पाहणाऱ्याच्या मनात दुसरेच, हे असे नेहमी होते.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे असे काही होते की नाही? भरपूर होते. देवगिरीच्या यादवांच्या ध्वजावर सोन्याचा गरुड. कल्याणीच्या चालुक्यांचे लांछन वराह. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, आमच्या उमरग्याहून फार लांब नाही. हाच वराह पुढे विजयनगरच्या मुद्रेवर गेला आणि तिथल्या सोन्याच्या नाण्यालाच लोक 'वराह' म्हणू लागले. खुद्द गोव्यात पोर्तुगिजांच्या आधी कदंबांचे राज्य होते, त्यांचे चिन्ह सिंह. त्यांचे कुलदैवत सप्तकोटेश्वर, ज्याच्या नार्व्याच्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ साली करवला. गोव्याच्या सरकारी एसटीला आज 'कदंब' म्हणतात आणि तिच्या बोधचिन्हात तो सिंह आहे. साडेचारशे वर्षे परक्या ढालीखाली गेली, तरी जुना सिंह शेवटी बसवर येऊन बसलाच!

परंड्याची तोफ घ्या. 'मुलूख मैदान' १५४९ साली अहमदनगरला ओतली. मुहंमद बिन हसन रुमी हा तिचा कारागीर. सुमारे ५५ टनांची ही तोफ परंड्याच्या किल्ल्यावर होती. १६३२ साली मुरार पंडिताने ती विजापूरला नेली आणि आजही ती तिथेच आहे. तिचे तोंड म्हणजे जबडा पसरलेला सिंह, आणि त्याच्या दाढांमध्ये हत्ती सापडलेला. दख्खनमधल्या किल्ल्यांच्या दरवाजांवर शरभाची शिल्पे दिसतात, हत्तींना पंजात धरणारी, त्याच जातीचे हे चित्र. हीही ढालच म्हणायची. अक्षर न येणाऱ्यालाही 'इथे कोण बलवान' हे ती सांगते.

जमिनीवर हक्क सांगायच्या खुणा तर दोन्हीकडे फारच सारख्या. पोर्तुगीज दर्यावर्दी नव्या किनाऱ्याला लागले की राजाची ढाल आणि क्रूस असलेला दगडी खांब रोवत. आपल्याकडे राजाने जमीन दान दिली की शिळा उभी करत आणि तिच्या माथ्यावर चंद्र-सूर्य कोरत. अर्थ असा की चंद्र-सूर्य आहेत तोवर हे दान चालावे. त्यांचा खांब 'हे आमचे' म्हणतो आणि आपली शिळा 'हे याला दिले' म्हणते, एवढा फरक. अर्थात दान देणाऱ्यानेही ती जमीन आधी कोणाकडून तरी घेतलेलीच असायची, तेव्हा फार फुशारकी नको.

खरा फरक मला वेगळ्या ठिकाणी दिसतो. युरोपातली ढाल मुळात राजाची, सरदाराची, शहराची. जुन्या गोव्यात मांडवीच्या काठावर व्हाइसरॉयची कमान आहे. वास्कोचा पणतू फ्रान्सिस्को द गामा याने ती उभारली. तिच्यावर वास्कोचा पुतळा आहे आणि त्याच्या चिन्हातले हरीण आहे. म्हणजे पणजोबाचे नाव आणि घराण्याची खूण शहराच्या दारावर. नवा व्हाइसरॉय आला की याच कमानीतून आत जायचा. हा मोठ्यांचा मामला झाला.

आपल्याकडे खूण आहे ती साध्या घराचीही. तिला आपण देवक म्हणतो. लग्नात मांडव पडला की देवक बसवतात. कोणाचे पंचपल्लव, कोणाचा उंबर, कोणाचा कळंब, कोणाचे मोराचे पीस, कोणाचे सूर्यफूल, कोणाची तलवारीची धार. ज्यांचे देवक एक ते भाऊभाऊ, त्यांच्यात सोयरीक होत नाही. ना त्याचा झेंडा, ना त्यावर दगडी कोरीवकाम, ना ते कोणा राजाने बहाल केलेले. दोन एकर कोरडवाहू असलेल्या माणसालाही देवक असते आणि लग्नाच्या दिवशी ते राजासारखेच पुजले जाते. गंमत पाहा, गोव्याच्या कदंबांचे नाव ज्या कदंब झाडावरून आले असे सांगतात, तेच आपले कळंबाचे झाड. ते कित्येक घरांचे देवक आहे आणि कळंब नावाचा तालुकाही आमच्या जिल्ह्यात आहे.

इंग्रजांना मात्र राजे-रजवाड्यांच्या हाती युरोपी धाटणीच्या ढाली हव्या होत्या. १ जानेवारी १८७७ च्या दिल्ली दरबारासाठी रॉबर्ट टेलर नावाच्या सनदी अधिकाऱ्याने आपल्या संस्थानिकांच्या ढाली आणि निशाणे आखली. ज्यांची जरीपटका आणि भगवा ही निशाणे आधीच शेकडो लढायांत फिरून आली होती, त्यांनाही साहेबाच्या हातची ढाल मिळाली.

आमचा जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात. आसफजाही झेंडा पिवळा आणि त्यावर गोल. हा गोल कुलच्याचा, म्हणजे रोटीचा. आख्यायिका अशी की पहिल्या निजामाला औरंगाबादच्या निजामुद्दीन अवलियांनी पिवळ्या फडक्यात कुलचे बांधून दिले. त्याने सात खाल्ले, म्हणून सात पिढ्या राज्य चालेल असा आशीर्वाद मिळाला. सातवा निजाम मीर उस्मान अली खान १९११ साली गादीवर आला आणि १७ सप्टेंबर १९४८ ला राज्य संपले. ओरिकच्या दर्शनासारखीच ही गोष्ट. पाच ढाली आणि सात कुलचे, आकडा नेमका जुळतो. गोष्ट आधी की आकडा आधी, हे ज्याने त्याने ओळखावे.

१९११ साली तिकडे पोर्तुगालातही मोठा बदल झाला. आदल्या वर्षी, ५ ऑक्टोबर १९१० ला, तिथली राजेशाही उलथली. तोवर निळा-पांढरा झेंडा होता, १८३० पासूनचा. त्याआधी पांढऱ्यावर मुकुट आणि ढाल. नव्या प्रजासत्ताकाने निळा-पांढरा टाकला, लाल-हिरवा घेतला, मुकुट उतरवला. ३० जून १९११ ला हा झेंडा मंजूर झाला. म्हणजे गोव्यावरच्या ४५१ वर्षांच्या अमलात आजचा लाल-हिरवा झेंडा जेमतेम पन्नास वर्षे होता. पण एक गोष्ट लक्षात घ्या. राजाला घालवणाऱ्या त्या लोकांनी राजांची ढाल आणि मॅन्युएल राजाचा गोल मात्र ठेवून दिला. राजा नको होता, इतिहास नको होता असे नाही.

झेंडा म्हणजे नुसते कापड नव्हे, हे ज्यांनी तो हातात धरला त्यांना विचारावे. १५ ऑगस्ट १९४७ ला सगळा देश तिरंगा फडकवत होता आणि हैदराबादेत तोच तिरंगा फडकवला म्हणून स्वामी रामानंद तीर्थांना अटक झाली. १५ ऑगस्ट १९५५ ला सत्याग्रही तिरंगा घेऊन पत्रादेवीच्या हद्दीतून गोव्यात शिरले आणि पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या. पंजाबचे कर्नैलसिंग तिथे छातीवर गोळी घेऊन पडले. गोव्यातला लाल-हिरवा झेंडा उतरला तो १९ डिसेंबर १९६१ ला. आमच्या मराठवाड्याला तेरा महिने उशिरा आलेले स्वातंत्र्य ठाऊक असल्यामुळे गोव्याची चौदा वर्षे आम्हाला जरा जास्त कळतात.

मग अशा राज्यकर्त्यांनी मागे ठेवलेल्या खुणांचे काय करायचे? हा प्रश्न आमच्या जिल्ह्यात पुस्तकी नाही. १९११ ते १९४८ राज्य केलेल्या उस्मान अलींच्या नावाने आमचे उस्मानाबाद होते. २०२३ साली ते अधिकृतपणे धाराशिव झाले. जुने नाव परत आले. पण आमच्या मार्कशीटांवर, सात-बाराच्या जुन्या उताऱ्यांवर, लग्नाच्या पत्रिकांवर उस्मानाबादच आहे, आणि ते कागद आम्ही जपून ठेवले आहेत. नाव बदलले तरी आयुष्य त्याच कागदांवर गेलेले असते.

या प्रश्नाचे उत्तर मला वसईत सापडते. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. मराठ्यांचे हजारो लोक त्या वेढ्यात पडले होते. तरी तहात पोर्तुगिजांना हत्यारांसह, वाजत गाजत, निशाणे फडकवत बाहेर पडू दिले. त्यांचे झेंडे त्यांच्याबरोबर गेले. मागे राहिले दगड आणि घंटा. वसईच्या बालेकिल्ल्याच्या दारावर पोर्तुगीज राजाची ढाल आणि तो कड्यांचा गोल आजही कोरलेला दिसतो. पेशव्यांचा अंमल आला, इंग्रजांचा आला, गेला, पण ते कोणी तासून काढले नाहीत. आणि चर्चच्या घंटा? त्या वितळवून तोफा ओतता आल्या असत्या. त्याऐवजी त्या देवळांत टांगल्या गेल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात १७२१ सालची घंटा आहे. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या घाटावर १७०७ सालची आहे, आणि तिच्यावर मेरी आणि बाळ येशू यांची आकृती तशीच आहे. भीमाशंकरालाही अशी घंटा आहे. वर्षानुवर्षे भाविक ती वाजवत आले. मेरीची आकृती पुसा असे कोणाला वाटले नाही, आणि महादेवालाही त्याने काही उणे आले नाही.

मला यातला शहाणपणा मोठा वाटतो. जिंकणाऱ्यांनी हरलेल्याचा झेंडा त्याच्या हाती दिला आणि त्याच्या वस्तूला आपल्या घरात काम दिले. खूण कोणी कोरली याला महत्त्व आहेच, पण ती पुढे कोणाच्या उपयोगी पडली यालाही आहे. पोर्तुगालच्या प्रजासत्ताकाने हेच केले, आणि गोव्यानेही. अल्बुकर्कचा पुतळा चौकात नको झाला, तो जुन्या गोव्याच्या संग्रहालयात गेला. व्हाइसरॉयची कमान जागेवरच आहे.

आमच्या भागात मात्र उलटे दिसते, आणि ते कोणी रागाने करत नाही, माहिती नाही म्हणून होते. वीरगळ देवळाच्या पायरीला बसतो. चंद्र-सूर्य असलेल्या शिळेवर ऑइल पेंटचे तीन हात चढतात आणि खालची अक्षरे कायमची बुजतात. तोफेवर नावे कोरली जातात. परक्यांनी आपल्या खुणा पुसल्या म्हणून आपण तावातावाने बोलतो, आणि आपल्याच गावच्या शिळेवर कपडे धुतो. वर्गात मी मुलांना सांगत असे की शिळा वाचता आली नाही तरी चालेल, पण वाचणारा येईपर्यंत ती राहू द्या.

देवकांचेही तसेच होत चालले आहे. मांडव आता मंगल कार्यालयात. देवक बसवायला पाच मिनिटे, त्यातही फोटोग्राफर मध्ये. आपले देवक कोणते असे परवा एका लग्नात चार तरुणांना विचारले, तर चौघांनीही आईकडे बोट दाखवले. ढाल दगडावर असते म्हणून टिकते. देवक माणसांच्या आठवणीत असते, ती आठवण गेली की गेले. तिसऱ्या अफोन्सोने आईच्या माहेरची खूण काठाला लावली म्हणून ती आठशे वर्षांनी फुटबॉलच्या मैदानावर दिसते आहे. आपल्या आईच्या माहेरचे देवक आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल?

तेव्हा नातेवाईक मंडळींना एकच विनंती. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारून, सासरचे आणि माहेरचे, दोन्ही देवके एका कागदावर लिहून ठेवा. सोबत गावाचे नाव, कुलदैवत आणि ठाऊक असेल तिथवरच्या पिढ्या. आणि गावच्या शिवारात एखादी कोरीव शिळा असेल तर रंग न लावता तिचा फोटो काढून ठेवा. यासाठी राजा लागत नाही, सनदही लागत नाही. वही-पेन पुरते.